कुत्र्याची निगा : चोचले की आरोग्य?

कुत्रा पाळणे ही आपल्या भागात नवी गोष्ट नव्हे. पेणच्या खारेपाटात घराच्या ओट्यावर, रोह्याकडच्या वाड्यांवर, धाटावच्या कारखान्यांच्या फाटकाशी तो पूर्वीपासून आहे. नवी गोष्ट आहे ती त्याच्या केसांची. सोसायट्या उभ्या राहिल्या, हाती थोडा पैसा आला आणि ओट्यावरचा मोत्या दिवाणखान्यात आला. त्याच्या जागी कुठे लॅब्राडोर, कुठे पॉमेरियन, कुठे शित्झू आणि हल्ली तर बर्फातला हस्कीसुद्धा दिसू लागला. मग त्याला पनवेल, नवी मुंबईला नेऊन आंघोळ, केशकर्तन, नखे, अत्तर असा सगळा साज करून आणण्याची पद्धत पडली. याला ग्रूमिंग म्हणतात.

या विषयावर माझ्याकडे दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणतात, "डॉक्टर, कुत्र्याला कसले आलेय पार्लर? माणसांना मिळत नाही इथे!" दुसरे म्हणतात, "दर महिन्याला पार्लरला नेतो, तरी अंगाला वास येतो आणि गोचीड काही जात नाहीत." जनावरांची डॉक्टरकी करताना दोन्ही घरांतले कुत्रे मी तपासतो. माझे मत असे, की दोघांचेही गणित एकाच ठिकाणी चुकते. दोघेही निगा म्हणजे नटवणे समजतात. पहिल्याला ते नको असते, दुसऱ्याला विकत हवे असते. खरे तर निगा हा आरोग्याचा भाग आहे आणि त्यातला बराचसा घरच्या घरी, फुकटात होणारा आहे.

आपली हवा आणि त्याची कातडी

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली, की दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. मग दाट केसांच्या कुत्र्याची कातडी कशी वाळावी? केसांच्या मुळाशी ओल राहते, तिथे बुरशी धरते, खाज सुटते, तो खाजवतो, जखम होते, जखमेवर माशी बसते आणि चार दिवसांत त्यात किडे पडतात. पावसाळ्यात दवाखान्यात येणाऱ्या कातडीच्या अनेक तक्रारींची गोष्ट हीच असते.

यावर उपाय म्हणून अनेकजण कुत्र्याचा सरसकट चकोट करून आणतात. इथे थांबावे. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पॉमेरियन, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे राठ केस पाणी व ऊन अडवतात आणि आतली मऊ लव अंगाचे तापमान सांभाळते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतो. म्हणून केस काढल्याने त्याला आपल्यासारखे हलके वाटते, ही आपली समजूत. उलट कातडी उन्हाने भाजते आणि काही कुत्र्यांचे केस पुन्हा नीट येतच नाहीत. अशा कुत्र्याला कात्री नको, फणी हवी. आतली सुटलेली लव विंचरून काढली, की हवा कातडीपर्यंत पोचते. शित्झू, ल्हासा, पूडल यांचे केस मात्र माणसासारखे वाढतच राहतात. त्यांचे नियमित कापावेच लागतात. न कापल्यास त्यांची जटा होऊन खालची कातडी सडते.

जात निवडतानाच हे पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. हस्की देखणा खरा, पण मे महिन्यातल्या पेणमध्ये तो पंख्याखाली लादीवर पसरून दिवस काढतो. बसक्या नाकाच्या पगला उकाड्यात श्वासच पुरत नाही. आपला गावठी कुत्रा बघा. आखूड केस, उभे कान, सडसडीत अंग. याच हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकून त्याचे शरीर असे घडले आहे. ज्याला पहिल्यांदाच कुत्रा पाळायचा आहे, त्याने गल्लीतलेच एखादे पिल्लू उचलून घरी न्यावे, हा माझा सल्ला ऐकून लोक हसतात. पण त्यात खर्च कमी, निगा सोपी आणि एक जीव रस्त्यावरून घरात येतो, हे हसणाऱ्यांनाही कबूल करावे लागते.

घरची पंधरा मिनिटे

आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटे काढा. चहा झाल्यावर ओट्यावर बसा आणि कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत हात लावून पाहा. कानाच्या पाळीच्या आत, मानेच्या पट्ट्याखाली, काखेत, मांडीच्या सांध्यात आणि बोटांच्या फटीत. गोचीड लपते ती इथेच.

आंघोळ रोज नको. निरोगी कुत्र्याला तीन-चार आठवड्यांनी एकदा पुरते. मध्ये चिखलाने माखला, तर नुसत्या पाण्याने धुवावा. माणसाची कातडी किंचित आम्लधर्मी असते, कुत्र्याची त्या मानाने कमी. त्यामुळे आपला अंगाचा साबण किंवा शाम्पू त्याला मानवत नाही. कपड्याची वडी तर नकोच नको. आंघोळीपेक्षा वाळवणे महत्त्वाचे. जुना सुती टॉवेल घेऊन मुळापर्यंत पुसावे. केस वाळवायच्या यंत्राची कडक गरम हवा वापरू नये.

घरातल्या फरशीवर चालताना टकटक आवाज येऊ लागला, की नखे वाढली असे समजावे. पायाच्या आतल्या बाजूला, जमिनीला न टेकणारे एक नख असते. ते झिजत नाही, वळून मांसात घुसते आणि मालकाला पत्ताही लागत नाही. नखाच्या आत रक्तवाहिनी असते. पांढऱ्या नखात ती गुलाबी दिसते, काळ्यात दिसत नाही, म्हणून टोकाचा थोडाथोडाच भाग कापावा. रक्त आलेच तर तुरटीची पूड दाबून धरावी. कान लोंबणारे असतील तर ते उचलून हुंगून पाहा. आंबूस वास येत असेल किंवा तो सारखी मान झटकत असेल, तर कानात गरम तेल ओतू नका, काडी घालू नका, दाखवून घ्या.

पेणकरांसाठी एक खास सूचना. मूर्तींच्या कारखान्यांतून वावरणाऱ्या कुत्र्यांच्या अंगाला रंग लागतो. तो काढायला रॉकेल, टर्पेंटाइन किंवा थिनर चोळू नये. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते विष पोटात जाते. रंग लागलेले केस कापून टाकावेत, हाच सोपा मार्ग.

गोचीड मारताना कुत्रा मरू नये

गोचिडीवरचे घरगुती उपाय ऐकून अंगावर काटा येतो. कुणी रॉकेल लावतो, कुणी फिनेलने धुतो, कुणी गोठ्यातले गुरांचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून ओततो. गुराचे वजन किती, कुत्र्याचे किती! शिवाय गाय आपले अंग कुत्र्याइतके चाटत नाही. कुत्र्याच्या अंगावरचे औषध पोटात जाणारच, हे धरून चालावे. कुत्र्यासाठीची काही औषधे मांजराच्या जिवावर बेततात, तेव्हा घरात मांजर असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. हल्ली वजनाप्रमाणे द्यायच्या गोळ्या आणि मानेवर टाकायचे थेंब मिळतात. ते विचारून वापरावेत.

आणि मुख्य म्हणजे, अर्धी लढाई कुत्र्याच्या अंगावर नसतेच. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी खाली पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि हजारांनी अंडी घालते. तुम्ही पार्लरमध्ये हजार रुपये मोजून कुत्रा स्वच्छ करून आणता आणि घरी त्याच गोणपाटावर झोपवता. मग गोचीड जाणार कशी? गोणपाट जाळा किंवा फेकून द्या, भिंतीच्या फटी बुजवा, अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाका. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. बोटांनी चिरडू नये.

हे सारे कशासाठी? गोचिडीतून कुत्र्याला एक ताप येतो. तो खाणे सोडतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येते. वेळेवर आणला तर बहुधा वाचतो. "दोन दिवस बघू" म्हणणाऱ्यांचा कुत्रा पुष्कळदा हातचा जातो.

दुसरा धोका लेप्टोचा. उंदराच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात आणि शेतातल्या चिखलात उतरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाने जी दाणादाण उडवली, ती वाचकांना आठवत असेल. कुत्र्यालाही हा रोग होतो आणि त्याच्या लघवीतून तो माणसाकडे येऊ शकतो. पावसाळ्यात कुत्र्याला शेताडीत किंवा कुंडलिकेच्या काठी फिरवणाऱ्यांनी त्याला लेप्टोची लस आहे की नाही, हे कार्ड काढून पाहावे. घरी आल्यावर त्याचे पाय धुवावेत आणि आपले हातही.

पार्लर कधी, कोणते?

पार्लरला माझा विरोध नाही. केस वाढणाऱ्या जातींना कसबी हात लागतो. मालक वयस्कर असेल, कुत्रा अंगाने थोराड असेल, तर जरूर न्यावे. पण चार गोष्टी पाहाव्यात. ते लसीकरणाचे कार्ड मागतात का? जो मागत नाही, त्याच्याकडे इतर कुत्रेही बिनलशीचे येत असणार. यंत्राची पाती आणि टॉवेल दर कुत्र्यामागे बदलतात का? खरूज, गोचीड आणि बुरशी यांना मोफत प्रवास घडतो तो तिथून. काम चालू असताना तुम्हाला उभे राहू देतात का? आणि चौथे सर्वांत महत्त्वाचे. कुत्रा शांत राहावा म्हणून गुंगीचे औषध देतो, असे कुणी म्हणाले तर त्याला तसाच घेऊन घरी या. गुंगी देणे हे नोंदणीकृत पशुवैद्याचे काम आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने पशुवैद्याला नोंदणी बंधनकारक आहे. कात्री चालवणाऱ्याला तशी पदवी लागत नाही, हे ध्यानात असू द्या.

आधी लस, मग अत्तर

आता मूळ मुद्दा. दर महिन्याला पार्लर करणाऱ्या काही घरांत मी कार्ड मागतो, तेव्हा रेबीजची लस दीड-दोन वर्षांपूर्वीची निघते. "घरातच असतो हो, बाहेर कुठे जातो!" हे ठरलेले उत्तर. पण दार उघडे राहायला एक क्षण पुरतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की कुत्रा काय किंवा माणूस काय, वाचवण्याचा उपाय आजही नाही. माणसांना होणाऱ्या रेबीजपैकी जवळपास ९९ टक्के हा कुत्र्यामुळे होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाश्चरने पहिल्या मुलाला लस टोचली ती ६ जुलै १८८५ रोजी. इतक्या वर्षांनी, काही शे रुपयांच्या लशीवाचून कुणी दगावावे, याला नशीब म्हणता येणार नाही. पाळीव प्राण्याचे लसीकरण आणि जंतनाशन ही मालकाची जबाबदारी आहे, असे २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही स्पष्ट म्हटले आहे.

पिल्लाला साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची मात्रा आणि नंतर दर वर्षी. कुत्रा चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये.

निगेचा आणि चावण्याचा एक संबंध फारसा कुणी सांगत नाही. लहानपणापासून ज्याच्या पायाला, कानाला, तोंडाला रोज हात लागतो, तो कुत्रा हाताला भीत नाही. जो दिवसभर साखळीला बांधलेला, ज्याला फक्त भाकरी टाकायला माणूस जवळ येतो, तो हात पुढे आला की बिथरतो. पाहुण्यांचे पोर गेले की चावतो, दवाखान्यात आणला की डॉक्टरला तपासू देत नाही. म्हणून फणी फिरवण्याचे काम घरातल्या मुलांना मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली द्यावे. कुत्रा माणसाळतो आणि मुलेही मुक्या जिवाशी कसे वागावे ते शिकतात.

२८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. देशातून २०३० पर्यंत कुत्र्यापासून होणारा रेबीज संपवायचा, असे आपल्या सरकारने ठरवले आहे. पेण आणि रोहा या दोन्ही नगरपरिषदांनी, तिथल्या गणेशोत्सव मंडळांनी आणि पशुवैद्यांनी त्या आठवड्यात वॉर्डावॉर्डांत लसीकरणाचा दिवस ठेवला, तर पाळलेले आणि गल्लीतले दोन्ही कुत्रे त्यात येतील. आरतीला जमणारी पोरे कुत्रे ओळखतात. त्यांना पकडून आणणे त्यांच्याइतके कुणाला जमणार नाही.

तोवर प्रत्येक मालकाने आज एवढेच करावे. कपाटातून लशीचे कार्ड काढून तारीख पाहावी. ती उलटून गेली असेल, तर या महिन्याचे पार्लर रद्द करून आधी दवाखान्यात यावे.