शास्त्रज्ञांचे मौन

आपल्याकडील विद्वन्मंडळींत असा एक समज दृढमूल होऊन बसला आहे की, जो शास्त्रज्ञ सामान्य जनांसाठी लिहितो तो खरा शास्त्रज्ञच नव्हे. संशोधन करावे, ते इंग्रजी नियतकालिकात छापावे, चार समव्यवसायी पंडितांनी मान डोलवावी, की कर्तव्य संपले! हा समज आम्हांस केवळ चुकीचा नव्हे, तर घातक वाटतो. आणि त्याचा दाखला शोधण्यास फार दूर जावयास नको.

आमच्या मीरा-भाईंदर शहराच्या पश्चिमेस उत्तनचा किनारा आहे. तेथील कोळी बांधवांच्या कित्येक पिढ्या समुद्रावर पोसल्या. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने माशांच्या ५४ जातींसाठी किमान आकारमान ठरवून दिले. पापलेट १३५ मिलिमीटरांहून लहान असल्यास ते पकडू नये. या नियमाच्या मुळाशी केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे संशोधन आहे, आणि नियम योग्यच आहे. पिलेच जाळ्यात सापडू लागली तर पुढे अंडी घालणार कोण? परंतु कोळ्याच्या दारी आधी येतो तो नियम व दंडाचा धाक. त्यामागील विचार आलाच, तर बहुधा सर्वांच्या मागून. जे शास्त्र केवळ हुकुमाच्या रूपाने भेटते, त्याविषयी आदर कोठून उपजावा? शिवाय वारा, भरती आणि माशांच्या फिरण्याच्या वाटा यांविषयी कोळ्याने जन्मभर जे टिपलेले असते, त्यास शास्त्रज्ञ तरी मुकतोच.

यावर पहिला आक्षेप येतो तो मराठीत परिभाषा नाही हा. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ मासिक काढून त्यात शास्त्रीय विषय मराठीत मांडले, तेव्हा परिभाषा कोणती तयार होती? पुण्यास ‘सृष्टिज्ञान’ १९२८ साली निघाले, मुंबईस मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली. शब्द लिहिता लिहिताच घडले. न वापरलेली भाषा दुबळी राहते, आणि मग तिच्या दुबळेपणाचे निमित्त पुढे करावयाचे, हा न्याय अजब खरा!

दुसरा आक्षेप असा की, लोकांसाठी लिहिल्याने शास्त्र पातळ होते व शास्त्रज्ञाची प्रतिष्ठा उणावते. त्यास जयंत नारळीकर हे उत्तर पुरेसे आहे. फ्रेड हॉईल यांच्यासह गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडणाऱ्या या गणितज्ञाने १९७४ साली विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठविली, आणि नावाचा दबदबा पाठीशी नसताना ती पहिली आली. पुढे आयुष्यभर त्यांनी मराठीत लिहिले. २०२५ साली ते निवर्तले तेव्हा त्यांचे खगोलशास्त्र त्यामुळे तिळभर तरी कमी भरले, असे कोण म्हणेल?

प्रत्येक शास्त्रज्ञास नारळीकरांची लेखणी लाभणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून आमची मागणी माफक आहे. जे संशोधन सार्वजनिक पैशातून होते, त्याचे दोन पानी सार, ज्या लोकांच्या जीविताशी त्याचा संबंध येतो त्यांच्या भाषेत, संस्थेने निबंधाबरोबरच प्रसिद्ध करावे. आणि शास्त्रज्ञाच्या बढतीचा विचार होताना या कामाचीही मोजदाद व्हावी. ही कोणावर मेहेरबानी नव्हे. उत्तनचा कोळीही कर भरतो; त्याच्या पैशाने मिळविलेले ज्ञान त्याच्यापासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणत्याही पंडितास नाही.