पंधरा सेंटांचा बर्गर

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. निमित्त आमच्या काकांचं. परवा घरच्या ग्रुपवर त्यांनी एक फॉरवर्ड टाकला. शेपटीवाली चकचकीत गाडी, घेरदार झगा घातलेली हसरी मुलगी, आणि खाली यादी: साल १९५५, बर्गर पंधरा सेंट, सगळं कुटुंब एका टेबलावर, घराला कुलूप नाही. त्यावर काकांची पुरवणी, "ही खरी अमेरिका. आता काय राहिलंय?" लगेच दहा अंगठे. त्यातला एक माझ्या आईचा! (ती अमेरिकेत एकदाच आलीय, तीन महिने, तेही थंडीत.)

ग्रुपवर वाद घालणार नाही असं बायकोला वचन दिलंय. ब्लॉगबद्दल काही बोलणं झालेलं नाही. :)

तर आधी बर्गर. रे क्रॉकनं १५ एप्रिल १९५५ ला शिकागोजवळ डेस प्लेन्सला मॅकडोनाल्ड्सचं दुकान उघडलं, आणि तिथे बर्गर खरंच १५ सेंटला होता. पण काका, तुमचा जन्म हिशेब तपासण्यात गेला. नुसता खर्चाचा रकाना बघून तुम्ही कधी सही केली होती का? त्या वर्षी किमान मजुरी ताशी ७५ सेंट होती. म्हणजे बर्गर बारा मिनिटांच्या कामाचा. स्वस्तच, मान्य. पण १९५४ साली आरसीएचा पहिला रंगीत टीव्ही आला तो हजार डॉलरला. त्याच मजुरीनं ती जवळजवळ आठ महिन्यांची सगळी कमाई होते. शिवाय ते ७५ सेंटही सगळ्यांना नव्हते. लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायकांना किमान मजुरीचा कायदा लागू झाला १९७४ साली.

आता ते एका टेबलावरचं कुटुंब. स्वान्सनचं टीव्ही डिनर त्याच सुमारास देशभर पोचलं होतं. ॲल्युमिनियमच्या ताटलीत मटार, रताळं आणि टर्की, सगळं गरम करून टीव्हीसमोर बसायचं. टेबलावरचं हसतंखेळतं कुटुंब होतं ते टीव्हीच्या आत! मालिकेतलं घर आपल्याला आठवणीतलं घर वाटायला लागलंय, इतकंच.

गाणी घ्या. फॅट्स डॉमिनो या काळ्या गायकाचं 'एन्ट दॅट अ शेम' त्याच साली आलं. तेच गाणं पॅट बून या गोऱ्या पोरानं गायलं, आणि पहिल्या नंबरावर गेली ती बूनची रेकॉर्ड. ताल चालत होता, माणूस चालत नव्हता.

आणि कुलूप? त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिकागोचा १४ वर्षांचा एमेट टिल सुट्टीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेला होता. २८ तारखेला मध्यरात्रीनंतर दोन गोरे त्या घराच्या दाराशी आले आणि पोराला उचलून घेऊन गेले. नंतर नदीत त्याचं प्रेत मिळालं. आरोप काय, तर एका दुकानात गोऱ्या बाईशी आगाऊपणा केला. ज्युरीत सगळे गोरे पुरुष. तासाभरात निर्दोष! पुढच्याच वर्षी त्या दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. आईनं शवपेटी उघडी ठेवली होती, जगानं बघावं म्हणून. काका, १९५५ चे फोटो पाठवायचेच असतील तर तोही आहे.

कोणी म्हणेल, वाईट सगळीकडेच असतं, जरा चांगलं आठवलं तर तुझं काय जातं? माझं जातं. तुमचंही जातं. १९४६ च्या कायद्यानं भारतातून अमेरिकेत कायम राहायला येणाऱ्यांचा कोटा होता वर्षाला शंभर. अख्ख्या भारतातून शंभर! १९५५ सालीही तोच. तुम्ही १९७१ मध्ये दोन सुटकेसी घेऊन उतरलात ते १९६५ च्या कायद्यामुळे. आणि तो कायदा ज्या हवेत झाला ती हवा बदलायला सुरुवात कुठून झाली? १ डिसेंबर १९५५ ला माँटगोमेरीत रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठल्या नाहीत. मग ३८१ दिवस तिथले काळे लोक बसमध्ये चढलेच नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या त्याच बायका मैलोगणती चालत कामाला गेल्या. त्यांच्या झिजलेल्या चपलांवर आपला व्हिसा उभा आहे. आणि आपण ज्या अमेरिकेला 'खरी' म्हणून अंगठे देतोय, तिच्या दारावर आपल्यासाठी भलंमोठं कुलूप होतं.

आठवायचंच असेल तर एक सुचवतो. १२ एप्रिल १९५५. जोनास साल्कची पोलिओची लस चालते, हे त्या दिवशी ॲन आर्बरमध्ये जाहीर झालं. तीनच वर्षांपूर्वी, १९५२ साली, जवळजवळ ५८ हजार लोकांना पोलिओ झाला होता. लोकांनी दहा-दहा सेंटांची नाणी जमवून त्या संशोधनाला पैसा पुरवला होता. बातमी आल्यावर गावोगाव चर्चच्या घंटा वाजल्या. त्या १९५५ चा मलाही हेवा वाटतो. पण लशींवर शंका घेणारे फॉरवर्डही आपल्या ग्रुपवर तुमच्याकडूनच येतात, काका!

असो. रागावू नका. रविवारी जेवायला येतोच आहे. काकूंना सांगा, बर्गर नको, थालीपीठ चालेल.