कढीपत्त्यावरचा पाहुणा

गेल्या अंकात आम्ही मुलांच्या हस्ताक्षराविषयी लिहिले होते. या वेळी त्याच मुलांच्या, आणि त्याहून जास्त त्यांच्या अम्मींच्या, हातातल्या फोनविषयी लिहायचे आहे. 'फोन वाईट, फोन दूर ठेवा' हा उपदेश आता कोणत्याच घरात चालत नाही, आणि शाळेचा गृहपाठ तर आम्हीच फोनवर पाठवतो. म्हणून तो उपदेश इथे नाही. आमचे म्हणणे एवढेच की फोन घरात आहेच, तर त्याला एखादे चांगले काम द्यावे. ते काम दारापासून वीस पावलांवर आहे.

आम्ही चिपळूणकडचे. सप्टेंबर उजाडला की इकडे पावसाचा जोर ओसरतो, मधूनमधून लख्ख ऊन पडते आणि खळ्यात, परसात फुलपाखरांची वर्दळ सुरू होते. कुंपणाला घाणेरी, विहिरीच्या कडेला तेरडा, दारात जास्वंद, अबोली, सदाफुली. फुलांचे फोटो काढायला लोक कासच्या पठारावर जातात. जरूर जावे. पण जाणारे कोण असतात ते पाहा. सुट्टीच्या दिवशी घरातला मुलगा मोटारसायकल काढतो आणि मित्रांबरोबर सूर्यास्त बघायला गुहागरच्या समुद्रावर जातो. मुलगी आठवी-नववीत गेली की तिचे बाहेर पडणे हळूहळू कमी होते. तिच्या अम्मीचे तर कधीच कमी झालेले असते. तिच्या फोनमध्ये मुलांची प्रमाणपत्रे असतात, रेशनकार्ड असते, नणंदेच्या लग्नाचे फोटो असतात. तिने स्वतःसाठी काढलेला एकही फोटो नसतो.

आमच्या वर्गातल्या एका मुलीची गोष्ट सांगतो. अब्बा दुबईला. घरी अम्मी, दादी आणि धाकटा भाऊ. परसात कढीपत्त्याचे एक झाड, पुरुषभर उंचीचे. एक दिवस ती अम्मीच्या फोनमधला फोटो दाखवायला घेऊन आली. "टीचर, हे बघा. चिमणीची विष्ठा वाटते, पण चालते." फोटो धूसर होता, तरी ओळखता आले. ती फुलपाखराची अळी होती. लहानपणी ती खरोखरच पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. थोडी मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. बोट लावले तर डोक्यामागून लालसर शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते.

घरात मात्र वेगळीच बोलणी चालली होती. कोवळी पाने कुरतडलेली पाहून दादींनी फर्मान काढले होते की शुक्रवारच्या आत झाडावर औषध मारा. अम्मीचेही खरेच होते. पोह्याला, कढीला, आमटीला रोज पाला लागतो. पोरीने विचारले, "टीचर, दादीला काय सांगू?" आम्ही म्हटले, "दादींना सांग, एक फांदी पाहुण्याला द्या, बाकीचे झाड आपले. महिनाभराचा प्रश्न आहे. आणि रोज एक फोटो काढ. काढलेला फोटो रात्री दादींना दाखव."

दादी ऐकल्या. ऐकण्याचे एक कारण असेही होते की औषध मारलेला पाला पुढे काही दिवस स्वयंपाकात घालता आला नसता.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर अंडी घालणारी ही जात म्हणजे कॉमन मॉरमॉन. फिकट पिवळे, मोहरीपेक्षाही लहान अंडे कोवळ्या पानावर एकेकटे घातलेले असते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते, दोन-अडीच आठवडे खात राहते, मग फांदीला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून कोष करते. दहा-बारा दिवसांनी त्यातून फुलपाखरू. याचाच मोठा भाऊबंद ब्लू मॉरमॉन. काळ्या पंखांवर निळी झळाळी असलेले हे फुलपाखरू 2015 पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढते. म्हणजे परसातले लिंबाचे झाड तोडून तिथे फरशी घातली, की राज्य फुलपाखराचा तेवढा पाळणा आपण मोडला.

कॉमन मॉरमॉनची आणखी एक गंमत फोटोमुळेच कळते. नर काळा, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. पुष्कळ माद्या मात्र कॉमन रोझ नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराचे रूप घेतात, पंखांवर पांढरा डाग आणि लाल खुणा. कॉमन रोझ अंगात विष बाळगून असते, म्हणून पक्षी त्याला टाळतात. मादी त्या रूपाच्या आडोशाने वाचते. हे रूप घेणे एकाच जनुकाच्या हातात आहे, हे डॉ. कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवून दिले. उडताना दोन्ही सारखीच दिसतात. फोटो मोठा करून अंग पाहावे. अंग लाल असेल तर कॉमन रोझ, काळे असेल तर आपली मॉरमॉन. एवढ्यासाठी वर्गात पोरींची चढाओढ लागली होती.

आता थोडे हाताशी धरून सांगतो. त्यासाठी महागडा फोन लागत नाही.

पहिले काम, फोनची काच सुती कापडाने पुसा. स्वयंपाकघरातल्या हातांचे तेल त्यावर असते आणि निम्मे फोटो त्यानेच धूसर येतात. दुसरे, दोन बोटांनी चित्र ताणून मोठे करू नका, स्वतः जवळ जा. पण वीतभर अंतर राहू द्या. त्याहून जवळ गेले की बऱ्याच फोनना नीट दिसत नाही. तिसरे, पडद्यावर जिथे फूल दिसते तिथे बोट टेकवा, म्हणजे फोनला कळते की पाहायचे कुठे. कोपर भिंतीला किंवा गुडघ्याला टेकवा, हात हलणार नाही.

फुलपाखरासाठी सकाळ बरी. रात्रीचा गारवा अंगात असतो, म्हणून ऊन येताच ती पंख पसरून शेकत बसतात. अंगावर आपली सावली पडू देऊ नये, पडली की उडालीच. हळू जावे, खालून जावे, वाकून जावे. फुलामागे सावलीतली भिंत किंवा काळपट झुडूप येईल असे उभे राहावे, रंग आपोआप उठतो. फुलांना भर दुपारचे ऊन सोसत नाही, फोटोत ती फटफटीत दिसतात.

फुलांच्याही वेळा असतात. गुलबास घ्या. उर्दूत त्याला गुल-ए-अब्बास म्हणतात, आणि मराठीतला गुलबास तोच. हे फूल सकाळी मिटलेले असते. असरच्या सुमारास उमलू लागते. एकाच झाडावर गुलाबी, पिवळी आणि दोन्ही रंगांचे शिंतोडे असलेली फुले दिसतात. असरची नमाज झाली की मगरीबपर्यंत घरातल्या बाईला जरा उसंत असते. तिच्यासाठीच हे फूल उमलते, असे आम्ही गमतीने म्हणतो.

सूर्यास्ताचे काय? फोटोचा मोह आणि मगरीबची अजान एकाच वेळी येतात. पण यात अडचण काहीच नाही. सूर्य टेकायच्या आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत उजेड सोनेरी असतो, तेव्हा फोटो काढून घ्यावा. अजान झाली की फोन खाली ठेवावा. फर्ज आणि सुन्नत पढून गच्चीवर परत यावे. पश्चिमेची लाली, जिला उर्दूत शफक म्हणतात, ती अजून तिथेच असते. इशाची वेळ मुळी शफक मावळल्यावरच सुरू होते. उलट, आकाशात वर विखुरलेले ढग असतील तर सर्वांत गडद रंग सूर्य बुडाल्यानंतरच चढतो. मावळतीचा प्रकाश हवेच्या फार मोठ्या थरातून येतो, वाटेत निळा विखरून जातो आणि लाल-नारिंगी तेवढा आपल्यापर्यंत पोहोचतो. फोटो काढताना पडद्यावर आकाशाच्या उजळ भागाला बोट टेकवा, म्हणजे रंग फिके पडत नाहीत. पुढे माडाचे झावळे, मशिदीचा मिनार किंवा नुसती कपड्यांची दोरी येऊ द्या. समुद्र नसला तरी चालतो. मात्र सूर्य वर असताना त्याच्याकडे टक लावून पाहू नये, मुलांना तर पाहूच देऊ नये.

दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. फुलपाखरू हलू नये म्हणून काही जण त्याला चिमटीत धरतात, फ्रीजमध्ये ठेवतात. पंखांवरची ती पूड म्हणजे बारीक खवले असतात, ते गेले की पुन्हा येत नाहीत. फोटोपायी जीव दुखवायचा असेल तर फोटो नको. आणि दुसऱ्यांच्या खळ्यातले फूल तोडून आपल्या दारात मांडून फोटो काढू नये. ते फूल त्या घरचे आहे.

काही घरांत वडीलधारे सजीवांच्या तसवीरीला राजी नसतात. कॅमेऱ्याच्या फोटोबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि निवाडा देणे आमचे काम नाही. अशा घरात वडिलांशी वाद घालू नये. हजरत इब्ने अब्बास यांनी चित्रे काढणाऱ्या एका माणसाला झाडे आणि निर्जीव वस्तू काढण्याची वाट दाखवल्याचे हदीसमध्ये आहे. फुले, पाने, दवबिंदू, ढग, शफक, एवढ्यानेही आयुष्य पुरेल. आपल्या इतिहासातही याचे मोठे उदाहरण आहे. जहांगीर बादशहा 1620 मध्ये काश्मीरला गेला तेव्हा त्याच्या दरबारातला उस्ताद मन्सूर याने तिथल्या फुलांची शंभरावर चित्रे काढली. बादशहाने स्वतःच्या आठवणींत तशी नोंद केली आहे. पाकळी किती वळली आहे, देठ कुठे जाड होतो, हे पाहिल्याशिवाय कुंचला चालत नाही. आपल्या फोनला ते पाहावे लागत नाही, म्हणून आपणच पाहायला हवे.

आमच्या त्या विद्यार्थिनीकडे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. फांदीवर पाच अळ्या होत्या. एक मुंग्यांनी नेली, दोन एका सकाळी दिसेनाशा झाल्या, एक कोषातच काळी पडली. पाचवीतून फुलपाखरू निघाले. पोरगी रडली नाही. तिने पाचही अळ्यांचे फोटो तारखेनुसार लावले आणि दादींना दाखवले. दादींनी विचारले, "चार गेल्या, म्हणून एवढी अंडी घालते का ग ती?" जीवशास्त्राचा एक धडा दादींनी एका वाक्यात सांगून टाकला.

रोजचा फोटो दुबईलाही जात होता. पूर्वी अब्बांच्या फोनवर तीनच प्रश्न असत: पैसे पोहोचले का, अभ्यास करतेस का, अम्मीला दे. आता चौथा आला, "अळी किती मोठी झाली?" मग संध्याकाळचे फोटो सुरू झाले. मुलगी इथली शफक पाठवते. साधारण सव्वा तासाने तिथे सूर्य मावळतो, आणि इमारतींच्या फटीतून दिसणारी तिथली शफक अब्बा पाठवतात. खोलीत दहा माणसे राहतात, खिडकी एकच, तरी त्यांना मावळतीची दिशा सापडली आहे. अम्मी म्हणाली, "टीचर, तेरा वर्षांत यांनी मला कधी आभाळ दाखवले नव्हते."

आता अम्मीनेही स्वतःचे फोटो काढायला घेतले आहेत. तिला फुलपाखरांपेक्षा पावसानंतरची अळूची पाने आवडतात. पाण्याचा थेंब पानावर न पसरता पाऱ्यासारखा घरंगळतो, त्याचे तिने चाळीस-एक फोटो काढले. आम्ही विचारले, इतके कशाला? म्हणाली, "माझ्यासाठी."

वाचक भगिनींनी हा महिना एकच झाड निवडून पाहावे. कढीपत्ता नसेल तर पानफुटीची कुंडी चालेल, तिच्यावर रेड पिएरो येते. रुई असेल तर प्लेन टायगर येईल. गच्चीवर चार कुंड्या असल्या तरी पुष्कळ. रोज एक फोटो, त्याखाली तारीख, आणि महिनाअखेरीस सगळे घर एकत्र बसून पाहणे.

आणि भावांना, बापांना एक विनंती. दारातले फूल सुंदर आहे म्हणून मुलीने दारातच राहावे, असा अर्थ यातून कोणी काढू नये. जिने महिनाभर एका फांदीवर नजर ठेवली, तिला समुद्रावरचा सूर्यास्त तुमच्यापेक्षा जास्त दिसेल. गुहागर तासा-दीड तासावर आहे. येत्या रविवारी मोटारसायकल काढाल तेव्हा मागे बहिणीला बसवा, आणि फोन तिच्या हातात द्या.