उकिडवे बसावे, परंतु कसे?

घरात कोणाचे गुडघे दुखू लागले की पहिला उपदेश ठरलेला असतो : "आता खाली बसणे सोडा." उपदेश सोपा आहे, आचरण सोपे नाही. सुर्ल्यासारख्या गावी काजूच्या हंगामात बोंडांपासून बिया वेगळ्या करणाऱ्या, मळ्यात बेणणी करणाऱ्या गृहिणीने खाली बसायचेच नाही, तर काम उरकावे कसे?

उकिडवे बसणे हे मुळात वाईट नव्हे. १९६१ साली अमेरिकेतील कार्ल क्लाइन यांनी पूर्ण खाली बसल्याने गुडघ्याचे बंध सैल होतात असा इशारा दिला होता. पुढील संशोधनाने त्यास पुष्टी दिली नाही. गुडघा पायाच्या बोटांपुढे जाऊच नये, हा नियमही असाच अतिरेकी. २००३ सालच्या एका प्रयोगात असे दिसले की, गुडघा बळेच मागे रोखला तर त्यावरील ताण काहीसा उणावतो, परंतु कमरेवरील ताण पुष्कळच वाढतो.

मग जपावे कशास? पावलांत खांद्यांइतके अंतर ठेवावे, चवडे किंचित बाहेर वळवावेत. गुडघे बोटांच्याच दिशेने वाकावेत. ते आत झुकले की वाटी तिरकी ओढली जाते. टाचा जमिनीस टेकाव्यात. न टेकल्या तर खाली पातळ फळी घ्यावी. उठताना हाताचा आधार घ्यावा, टाचांवर भार द्यावा. हिसका नको, पिळवटणे नको.

खरा वैरी आहे तो तासन्‌तास एकाच स्थितीत बसण्याचा. बीजिंगमधील वृद्धांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, तारुण्यात दिवसाकाठी तीन तासांहून अधिक उकिडवे बसलेल्यांत गुडघ्यांची झीज अधिक आढळली. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी उठून चार पावले चालावे. ज्यांचे दुखणे जडलेलेच आहे त्यांनी बुटके स्टूल घ्यावे व विळी ओट्यावर न्यावी. मांडीचे स्नायू हे गुडघ्याचे आधारस्तंभ. खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठण्या-बसण्याचा दहा वेळा केलेला अभ्यास त्यांना बळ देतो. वजन एक किलोने उतरले तर दर पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, हेही ध्यानी असावे.

गुडघा सुजला, गरम लागला, अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, तर तेल चोळीत दिवस काढू नयेत. साखळीचे आरोग्य केंद्र दूर नाही. आणि ज्यांना मिस्सेच्या वेळी गुडघे टेकवत नाहीत, त्यांनी निःसंकोचपणे बसावे वा उभे राहावे. आजाऱ्यास ती मोकळीक उपासनेच्या नियमांनीच दिली आहे.

शेवटी एक विनंती. घरात सर्वाधिक वेळ खाली बसून राबते ती बहुधा आई, आणि दुखण्याविषयी सर्वांत कमी बोलते तीही आईच. तिच्या बोलण्याची वाट न पाहता एक स्टूल आणून ठेवावे आणि जड घागर आपण उचलावी. एवढे मुलांना आणि यजमानांना सहज साधण्याजोगे आहे.