बाद पद्धतीत खेळाडू मुरत नाही

महाविद्यालयीन खेळाडूची कारकीर्द त्याच्या अंगच्या गुणांवर जितकी अवलंबून असते, तितकीच ती दोन बाहेरच्या गोष्टींवर ठरते: त्याला एका हंगामात किती सामने मिळतात, आणि न खेळताही त्याला संघात किती काळ राहू दिले जाते. भंडारा जिल्ह्यातील महाविद्यालयांची क्रीडाव्यवस्था नेमकी याच दोन ठिकाणी तोकडी पडते. अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक कसा घडतो, हे पाहिले असता ही उणीव अधिक ठळकपणे लक्षात येते.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडे पायाने खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलहून निराळा खेळ असून, त्यात चेंडू हातात घेऊन पळता येतो आणि पुढे फेकताही येतो. प्रत्येकी ११ खेळाडूंच्या दोन संघांपैकी ज्याच्याकडे चेंडू असेल, त्याला चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकावे लागते, आणि जवळपास प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी ज्याच्या हाती चेंडू येतो त्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. प्रतिस्पर्धी अंगावर धावून येत असताना चेंडू दूरच्या सहकाऱ्याकडे फेकावा, जवळच्याच्या हाती द्यावा की स्वतः पळावे, याचा निर्णय त्याला काही सेकंदांत घ्यावा लागतो. हे कौशल्य सरावाने उमलते, पण सामन्यांवाचून मुरत नाही. म्हणूनच तेथील मोठ्या विद्यापीठांचे संघ जिंकोत वा हरोत, एका हंगामात साधारणपणे १२ नियमित सामने खेळतात.

या व्यवस्थेचे फलित जो बरो या खेळाडूच्या वाटचालीत दिसते. ओहायो राज्याच्या आग्नेय भागातील अथेन्स या ग्रामीण आणि गरिबीने ग्रासलेल्या परगण्यात वाढलेला बरो २०१५ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात दाखल झाला आणि पहिले वर्ष त्याने ‘रेडशर्ट’ म्हणून काढले. म्हणजे तो संघासोबत सराव करीत राहिला, परंतु सामने न खेळल्यामुळे त्याला मिळणाऱ्या चार हंगामांतून ते वर्ष वजा झाले नाही. पुढची दोन वर्षे तो राखीव खेळाडूच राहिला. तीन वर्षांत पदवी पूर्ण करून २०१८ मध्ये तो लुइझियाना स्टेट विद्यापीठात गेला, आणि तेव्हाच्या नियमानुसार पदवीधर असल्यामुळेच त्याला एक वर्ष न थांबता नव्या संघातून लगेच खेळता आले. २०१९ च्या हंगामात त्याच्या फेकींवर ६० टचडाउन, म्हणजे अंतिम रेषेपलीकडचे गुण, नोंदले गेले, संघाने सर्व १५ सामने जिंकले, सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूचा हाइझमन करंडक त्याला मिळाला आणि २०२० मध्ये व्यावसायिक संघांच्या निवडप्रक्रियेत सर्वांत आधी त्याचे नाव पुकारले गेले. पहिल्या तीन वर्षांत संस्थेने त्याला निकामी ठरवून बाहेर काढले असते, तर पाचव्या वर्षीचा हा खेळाडू कोणालाच दिसला नसता.

विदर्भातील एक उदाहरण याच्या अगदी उलट आहे. खापरखेड्याजवळच्या वलनी येथील कोळसा खाण कामगाराचा मुलगा उमेश यादव याला महाविद्यालयाच्या संघात जागा मिळाली नाही, कारण तो पूर्वी कोणत्याही क्लबकडून खेळलेला नव्हता. टेनिस चेंडूवर वाढलेल्या या गोलंदाजाला २००७ मध्ये विदर्भ जिमखान्याने वाव दिला, २००८ मध्ये तो रणजी करंडक स्पर्धेत उतरला आणि २०११ मध्ये कसोटी सामना खेळणारा विदर्भाचा पहिला खेळाडू ठरला. ज्या संस्थेने शिकवायचे, तिनेच आधी शिकून येण्याची अट घालावी, हा त्यातील खरा दोष होता, आणि एका खेळाडूच्या यशाने तो झाकला जाऊ नये.

भंडाऱ्यातील महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, त्यातील खेळाडूला ‘कलर होल्डर’ म्हणतात आणि तो पुढे विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. परंतु पहिली पायरीच बाद पद्धतीची असली, म्हणजे हरणारा संघ लगेच स्पर्धेबाहेर जात असला, तर साकोली किंवा लाखांदूरच्या कबड्डी संघाचा वर्षभराचा सराव एका सकाळी संपतो. बारावीपर्यंत शालेय स्पर्धांत चमकलेली, पावसाळ्यात घरच्या धानाच्या रोवणीत राबून मैदानावर येणारी मुले पुढे पोलीस भरतीच्या धावण्याकडे वळतात. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे खरे. मात्र त्यासाठी लागणारी पात्रता मिळवण्याइतके सामनेच या मुलांच्या वाट्याला येत नाहीत.

अमेरिकेचे अनुकरण सरसकट करावे, असे यातून निष्पन्न होत नाही. तेथील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये प्रचंड पैसा खेळतो, २०२१ पासून विद्यार्थी खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली आहे, आणि तरीही शंभरातील दोघेसुद्धा व्यावसायिक संघापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणूनच पदवी ही खेळाडूची दुय्यम गरज नसून त्याच्या कारकिर्दीचा आधार आहे, हा धडा भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याने अधिक गांभीर्याने घ्यायला हवा.

जे घेण्यासारखे आहे, त्याला फार खर्च लागत नाही. जिल्ह्यातील सातही तालुक्यांतील महाविद्यालयांनी धानाची कापणी आणि सत्र परीक्षा आटोपल्यावर कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल यांच्या साखळी स्पर्धा, म्हणजे प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी खेळेल अशा स्पर्धा, आधी तालुक्यात आणि मग जिल्ह्यात भरवाव्यात. प्रथम वर्षाच्या किमान तीन विद्यार्थ्यांना पूर्वीच्या कामगिरीची अट न घालता सरावासाठी संघात ठेवावे, आणि विद्यापीठाने निवड समितीचे सदस्य या सामन्यांना पाठवावेत. मैदाने आहेत, शारीरिक शिक्षण संचालकांची पदेही आहेत. ती रिक्त असतील तिथे भरणे आणि वेळापत्रक आखून ते पाळणे, ही महाविद्यालयांच्या प्राचार्यांची आणि विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची जबाबदारी असून, येत्या हंगामापूर्वीच त्यांनी ती स्वीकारली पाहिजे.