अंजिरापासून ब्रेव्हापर्यंत

आमची धाकटी नात दोन वर्षांपूर्वीं उच्च शिक्षणास्तव स्पेन देशांतील सालामांका येथें गेली. तेथील विद्यापीठ इ. स. १२१८ मधील, म्हणजे ज्ञानेश्वरीहूनहि जुनें. गेल्या महिन्यांत तिच्या आजीनें, "घरीं कधीं येणार?" असें विचारविलें. उत्तर आलें, "माझें येणें आतां अंजिरापासून ब्रेव्हापर्यंत!" आजीनें अंजिराचा हंगाम मोजण्यास आरंभ केला. खरा अर्थ सांगण्याचें अप्रिय काम आमच्याकडे आलें.

स्पेनमध्यें अंजिराच्या कांहीं झाडांस दोनदां फळ येतें. गतवर्षींच्या जुन्या फांदीवर जूनच्या सुमारास येतें तें 'ब्रेव्हा', आणि नव्या फुटीवर उन्हाळ्याच्या अखेरीस येतें तें अंजीर. (आपल्या पुरंदराकडील अंजिरांसहि खट्टा व मीठा असे दोन बहार आहेतच.) अंजीर संपल्यावर ब्रेव्हा येईपर्यंत सुमारें नऊ महिने झाड रितें. म्हणून हा वाक्प्रचार 'फार क्वचित्' या अर्थीं. इंग्रज अशा ठिकाणीं निळ्या चंद्राचा दाखला देतो. तो आकाशाकडे पाहतो, हा परसांत! स्पॅनिश भाषेंत 'ईस्टरपासून झावळ्यांच्या रविवारापर्यंत' असेंहि म्हणतात. हा रविवार ईस्टरच्या आधींच्या आठवड्यांतला, तेव्हां अंतर एका आठवड्यानें उणें असें वर्ष.

रोम एका दिवसांत बांधलें गेलें नाहीं, हें इंग्रजी वचन आम्हीं मुलांकडून शेंकडों वेळां घोकून घेतलें. स्पॅनिश मनुष्य म्हणतो, थामोरा एका तासांत जिंकलें गेलें नाहीं. थामोरा हें तटबंदीचें शहर राजकन्या उर्राका हिच्या ताब्यांत होतें. तिचा भाऊ, कास्तीयचा राजा दुसरा सांचो, यानें इ. स. १०७२ मध्यें त्यास वेढा घातला. बहिणीनें दार उघडलें नाहीं. त्याच वर्षींच्या ऑक्टोबरांत सांचो तटाबाहेरच मारला गेला. म्हणजे ज्याच्या वेढ्यावरून धीराचा उपदेश करावयाचा, त्यास तें शहर मिळालेंच नाहीं! मुलांस हें कळतें तर त्यांनीं आम्हांस सळो कीं पळो करून सोडलें असतें.

'वेळ म्हणजे पैसा' हें फ्रँकलिननें इ. स. १७४८ मध्यें एका तरुण व्यापाऱ्यास केलेल्या उपदेशांत लिहिलें. स्पेनमध्यें वेळ सोन्याची. वेळ 'मारणें' मात्र दोन्हीकडे सारखेंच, रिकामपण घालविणें. आपलें 'वेळ मारून नेणें' निराळें. त्यांत प्रसंगावधान आहे. एका विद्यार्थ्यानें हे दोन एक मानले म्हणून आम्हीं त्याचे गुण कापले होते, तें योग्यच केलें.

स्पॅनिशांत 'तिएम्पो' म्हणजे काळ आणि हवामानहि. यांत नवल नाहीं; उष्णकालाचा उन्हाळा व हिमकालाचा हिवाळा आपणहि केलाच आहे. नवल वाटलें तें 'एस्पेरार' या धातूचें. वाट पाहणें आणि आशा करणें, दोहोंस तोच एक. नातीनें पत्राच्या शेवटीं तोच शब्द लिहिला होता. आम्हीं दोन्ही अर्थ सांगितले, तेव्हां तिची आजी म्हणाली, "आपण यांतला कोणता धरायचा?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. येण्याची तारीख आंकड्यांत कळवावी, असें नातीस आजच लिहिलें आहे.