ढोल वाजवणाराही कामगारच!



दसऱ्याचे दिवस जवळ आले की नागपूर, गोंदिया, दुर्ग या बाजूंनी जबलपूरकडे जाणाऱ्या गाड्यांत एक वेगळा प्रवासी दिसू लागतो. जनरल डब्यात दारापाशी, चादरीत बांधलेल्या ढोलावर डोके टेकून तो झोपलेला असतो. सोबत ताशा, झांजा, ऑक्टोपॅडची पेटी आणि आठ-दहा जोडीदार. गोंदिया–नैनपूर–जबलपूरची जुनी छोटी लाईन जाऊन ब्रॉडगेज झाल्यापासून विदर्भातून जबलपूर गाठणे सोपे झाले आहे. आपण तिकीट तपासतो, सामान बाजूला घ्यायला सांगतो आणि पुढे जातो. हा माणूस कामावर निघालेला कामगार आहे, हे आपल्या मनात येत नाही.

तो निघालेला असतो गढ्याला. गढा म्हणजे एके काळची गोंड राजांची राजधानी. आज जबलपूर शहरात मिसळून गेलेली वस्ती. जबलपूरचा दसरा त्या भागात नावाजलेला आहे, आणि शहराच्या मुख्य मिरवणुकीखेरीज गढ्याची स्वतःची वेगळी मिरवणूक निघते. अशा मिरवणुकांत नागपूर-छत्तीसगडकडच्या धुमाल पथकांना मागणी असते. रात्रभर रस्ता दणाणतो, लोक नाचतात. पहाटे मूर्ती पाण्यात जाते, मांडव रिकामा होतो आणि ढोलवाला स्टेशनच्या फलाटावर परतीच्या गाडीची वाट पाहत बसतो. त्याच्या वादनाशिवाय देव मांडवातून हलत नाही. पण देव हलल्यावर त्याची आठवण कोणाला राहत नाही.

या धंद्याचे वर्ष कसे जाते ते पाहा. लग्नसराई कार्तिकातल्या एकादशीनंतर सुरू होते आणि आषाढी एकादशीला थांबते. मधल्या चातुर्मासात आधार फक्त गणपतीचा आणि नवरात्राचा. म्हणजे चार महिन्यांपैकी मोजके दिवस काम. उरलेल्या दिवसांत घर चालते ते पथकाच्या मालकाकडून घेतलेल्या उचलीवर. ही उचल पुढच्या हंगामाच्या बिदागीतून कापली जाते. सुपारी मालक घेतो, भाव मालक ठरवतो आणि वादकाच्या हातात काय पडणार हे बहुधा काम संपल्यावरच कळते. पाऊस पडला, पोलिसांनी मिरवणूक लवकर आटोपायला लावली, मंडळाची वर्गणी कमी जमली, तर तूट शेवटी वाजवणाऱ्याच्या बिदागीतूनच निघते.

आता आपल्याशी तुलना करू. रेल्वे कर्मचारी कामानिमित्त मुख्यालयापासून ८ किलोमीटरच्या पलीकडे गेला तर त्याला प्रवासभत्ता मिळतो: सहा तासांच्या आत ३० टक्के, सहा ते बारा तासांना ७० टक्के, त्यापुढे पूर्ण. ही टक्केवारी आकाशातून पडली नाही. संघटनेने टेबलावर बसून, प्रसंगी संप करून ती मिळवली. नागपूरहून गढ्याला येणारा ढोलवाला दोन रात्री प्रवासात आणि एक-दोन रात्री रस्त्यावर घालवतो. त्याच्या प्रवासाच्या तासांना किंमत शून्य.

उलट त्याच्याकडे जे होते तेही गेले. कार्यक्रमासाठी जाणाऱ्या कलावंतांना रेल्वेत दुसऱ्या वर्गाच्या आणि स्लीपरच्या भाड्यात ७५ टक्के सवलत होती. तिच्यासाठी दाखला लागे आणि रस्त्यावरच्या वादकाला तो मिळवणे अवघडच होते. तरी निदान नियमपुस्तकात त्याला जागा होती. २० मार्च २०२० पासून, कोरोनाच्या साथीचे कारण देऊन, रुग्ण, विद्यार्थी आणि दिव्यांग यांच्यासाठीच्या सवलती वगळता बहुतेक सवलती बंद झाल्या. साथ ओसरली, मिरवणुका पुन्हा सुरू झाल्या. कलावंतांची सवलत मात्र परतली नाही. शिवाय सामानाचा प्रश्न आहेच. डब्यात नेता येणाऱ्या पेटीचे माप १०० बाय ६० बाय २५ सेंटिमीटर. मोठा ढोल या मापात कसा बसावा? ब्रेकव्हॅनमध्ये टाकला तर कातडे फाटून येण्याची धास्ती. जवळ ठेवला तर दंडाची.

दुसरे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. ८५ डेसिबल आवाजात आठ तास ही कानांची सुरक्षित मर्यादा मानली जाते. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला ती जेमतेम पंधरा मिनिटे उरते. भोंग्यांच्या भिंतीपुढे उभे राहून तासन्‌तास ढोल बडवणाऱ्याचे काय होत असेल? आपल्या वर्कशॉपांतील साथींना कानात बोळे घालायला सांगितले जाते, कान तपासले जातात. ढोलवाल्याचे कान गेले तर त्याचे तालावरचे पोट जाते, आणि नुकसानभरपाई मागायला मालकाचा कागदसुद्धा हाती नसतो.

कायदा काय म्हणतो? २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत ‘दृक्‌श्राव्य कामगार’ या व्याख्येत वादकाचे नाव आहे. पण तो सिनेमा, मालिका, जाहिरातीत वाजवणारा वादक. तोच माणूस गढ्याच्या रस्त्यावर वाजवू लागला की व्याख्येतून बाहेर. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा पाच कामगार असले तरी लागू होई. नव्या संहितेत ही अट दहाची झाली. आठ-नऊ जणांच्या पथकाला ते दारही बंद.

काही साथी विचारतील, “ही तर हौस, दोन दिवसांच्या वाजवण्याला नोकरी कसे म्हणायचे?” असे प्रश्न आपल्याला नवे नाहीत. रेल्वेच्या प्रकल्पांवरील हंगामी मजुरांना हेच ऐकवले जात होते. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने इंदरपाल यादव प्रकरणात त्यांच्या कायम होण्याचा मार्ग मोकळा केला. खेड्यापाड्यात डाक वाहणाऱ्यांना वर्षानुवर्षे ‘खातेबाह्य’ म्हटले गेले. काम तुटक आहे म्हणून काम करणारा कामगार ठरत नाही, हा युक्तिवाद आपण स्वतःबाबत कधी मान्य केला नाही. मग ढोलवाल्याबाबत का करावा?

वादकांची संघटना होऊच शकत नाही, हेही खरे नाही. इंग्लंडात मँचेस्टर येथे १८९३ साली वादकांची युनियन उभी राहिली, अमेरिकेत १८९६ साली. अमेरिकेतील युनियनच्या दरपत्रकांत ड्रमसारखी अवजड वाद्ये वाहून आणण्याचा वेगळा भत्ता असतो. ज्या ओझ्यासाठी आपल्याकडे दंड होतो, त्याच ओझ्यासाठी तिकडे भत्ता मिळतो. हा फरक संघटनेने केला.

तेव्हा आपण काय करावे? पहिली गोष्ट, कलावंतांची रेल्वे सवलत पुन्हा सुरू करावी आणि वाद्यांना सामानाच्या मापातून सूट द्यावी, असा ठराव आपल्या शाखांनी करून वर पाठवावा. दुसरी गोष्ट पोस्टातील साथींच्या हाती आहे. ई-श्रम नोंदणीत वादकाने व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘मजूर’ न लिहिता ‘वादक’ लिहावे, हे त्याला समजावून सांगा. पोस्टाच्या खात्यावरून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, तोही त्याला काढून द्या. रात्री ट्रकवरून फिरणाऱ्या माणसाला त्याची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे.

तिसरी गोष्ट सर्वात अवघड, कारण ती आपल्या घरातली आहे. रेल्वे कॉलन्यांतील, टपाल वसाहतींतील उत्सव मंडळांच्या कार्यकारिणीत कोण असते? आपणच. मांडव, रोषणाई, भोंगे यांचा खर्च आधी ठरतो आणि ढोलवाल्याशी घासाघीस सर्वात शेवटी होते. मालक कोण, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी त्या रात्रीपुरते आरशात पाहावे! यापुढे आपल्या मंडळाने वादकांना बोलावताना साध्या कागदावर चार ओळी लिहून द्याव्यात: प्रत्येकाची बिदागी किती, वाजवायचे तास किती, राहण्या-जेवण्याची सोय कोणती आणि परतीचे भाडे कोणाचे. असा कागद साठत गेला तर पुढे कलावंत मानधनाचा अर्ज करताना वादकाला कामाचा पुरावाही मिळेल.

संघटित कामगाराने असंघटिताला हात द्यावा, असे आपण दर १ मे रोजी बोलतो. येत्या दसऱ्याला गाडीच्या दारात चादरीत बांधलेला ढोल दिसेल, तेव्हा त्याच्या शेजारच्या माणसाला जागा करून द्या आणि ई-श्रमची नोंदणी झाली का, एवढे विचारा.